भोवत्यांचा रातथारा: हिवाळ्यातले हॅरियर कसे पाहावेत, कसे टिपावेत

डिसेंबरात गुजरातमधल्या वेळावदरच्या गवतावर सूर्य हातभर उरला की पहिला हॅरियर, हा शिकारी पक्षी, येतो. बहुधा एकटाच, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवरून, पंख ‘व्ही’ अक्षरासारखे किंचित उचललेले. तो गवतावरून एक फेरी मारतो आणि दूर नांगरलेल्या रानात ढेकळावर जाऊन बसतो. दहा मिनिटांनी दुसरा येतो, मग चार, मग कुठे बघू नि कुठे नको अशी अवस्था होते. आपण कॅमेरा उचलतो, शंभर-दीडशे फोटो काढतो, आणि मुक्कामावर येऊन बघितलं तर बहुतेकांत धूसर आकाशावर एक काळा ठिपका असतो. माझ्या पहिल्या दोन संध्याकाळी अशाच गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी कॅमेरा पिशवीत ठेवला, नुसता बसून राहिलो, आणि हे पक्षी झोपायला नेमके कसे येतात ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढचं सगळं त्या संध्याकाळीतून निघालं आहे.

आपल्याकडे हॅरियरला भोवत्या किंवा हारिण म्हणतात. झाडावर दबा धरून झडप घालणारा हा शिकारी नाही. माळावर, गवतावर, कापसा-हरभऱ्याच्या शेतावर तो खालून संथ गस्त घालतो. चेहरा घुबडासारखा थोडा चपटा आणि गोल असतो, त्यामुळे गवतातली खसफस त्याला कानाने टिपता येते. उन्हाळ्यात हे पक्षी कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ प्रदेशांत घरटी करतात. सप्टेंबरअखेरपासून आपल्याकडे उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. दिवसभर एकेकटे शिकार करणारे हे पक्षी रात्री मात्र एकत्र येऊन थेट जमिनीवर, उंच गवतात झोपतात. प्रत्येकाची गवत दाबून केलेली ताटाएवढी जागा असते. या सामूहिक मुक्कामाला आपल्या भाषेत रातथारा हा नेमका शब्द आहे, मी तोच वापरणार आहे.

कुठे आणि केव्हा जायचं

गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातलं वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान ही यासाठी सगळ्यात भरवशाची जागा. क्षेत्रफळ जेमतेम ३४ चौरस किलोमीटर. भावनगर संस्थानाचं हे जुनं शिकारीचं रान १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या रातथाऱ्यावर एका वेळी दोन हजारांच्या घरात हॅरियर मोजले गेले आणि जगातला सर्वांत मोठा ज्ञात रातथारा म्हणून त्याची नोंद झाली. त्यानंतर देशातल्या अनेक रातथाऱ्यांवर संख्या घटत गेल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. माळरानं नांगरली जाणं, वेडी बाभूळ पसरणं आणि शेतातली कीटकनाशकं यांकडे त्यासाठी बोट दाखवलं जातं. हॅरियरच्या खाण्यात टोळ आणि नाकतोडे भरपूर असतात. फवारणीने ते संपले की पक्ष्याने माळावर थांबायचं कशासाठी?

उद्यान पावसाळ्यात १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरून चला. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून भावनगरला थेट रेल्वे आहे, पुण्याकडच्यांना अहमदाबादमार्गे सोयीचं पडतं. परवान्याच्या वेळा आणि शुल्क निघण्याआधी पाहून घ्या. किमान दोन संध्याकाळी आणि एक सकाळ हाताशी ठेवा. एकाच संध्याकाळसाठी एवढा प्रवास करू नये, कारण ती संध्याकाळ वाया जाणार आहे असं मी आधीच सांगून ठेवतो.

महाराष्ट्रातही हॅरियर येतात. सासवड, सुपे, इंदापूरजवळचं कडबनवाडी आणि सोलापूरकडचं नान्नज इथल्या माळांवर हिवाळ्यात ते हमखास दिसतात. गोव्यात खाडीकाठच्या खाजण शेतांवर आणि करमळीच्या तळ्याकाठी मार्श हॅरियर ही जात गस्त घालताना सापडते. माळरानांवर छोटे रातथारेही असतात, पाच-दहा-वीस पक्ष्यांचे. त्यांची ठिकाणं मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. कारण पुढे येईल.

रातथारा शोधायचा कसा

वेळावदरला वाटाड्या सोबत असतो, तिथे शोधायची गरज नाही. आपल्या भागातला रातथारा शोधायचा असेल तर पक्ष्याच्या चालीवर लक्ष ठेवा. शिकार करणारा हॅरियर डावी-उजवी वळणं घेत, मध्येच थबकत, गवतात डोकावत उडतो. सूर्य मावळायला तासभर उरला की तोच पक्षी सरळ रेषेत उडू लागतो. खाली बघणं थांबलेलं असतं. असा सरळ निघालेला हॅरियर दिसला की त्याची दिशा होकायंत्राने किंवा मोबाइलने टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी दीड-दोन किलोमीटर बाजूला जाऊन तेच करा. नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या की त्या जिथे छेदतात त्याच्या आसपास पक्षी झोपत असतात. मला एका माळावर यासाठी चार संध्याकाळी लागल्या. शेवटी एका धनगरमामांनी दोन मिनिटांत सांगितलं, “घारीवानी पाखरं व्हय? ती त्या पवळीच्या पल्याड गवतात बसत्यात.” मेंढरं राखणाऱ्यांना विचारायला आधी जा, नकाशा नंतर काढा.

जागेची खात्री भर दुपारी, पक्षी नसताना एकदाच करायची. शेत कोणाचं असेल तर मालकाला विचारून, वनखात्याचं असेल तर परवानगी घेऊन. दाबलेल्या गवताचे गोल, पांढरी शिट आणि पक्ष्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या दिसतात. त्या गोळ्यांत टोळांच्या पायांचे तुकडे उन्हात चमकतात. एवढं बघून निघायचं. रोज जाऊन वास आणि पायवाट मागे ठेवली, तर त्याच वाटेने रात्री कोल्हा नाहीतर कुत्री येतात. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला तेवढं पुरतं.

पहिली संध्याकाळ: कॅमेरा नाही

सूर्यास्ताच्या दीड तास आधी जागेवर असा. डिसेंबरात वेळावदरला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेचारला. रातथाऱ्याच्या कडेपासून दीडशे-दोनशे मीटर तरी लांब थांबा. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बरी. दहा पटींची दुर्बीण गार वाऱ्यात हाताने स्थिर राहत नाही. सोबत वही, घड्याळ आणि जमलं तर हाताने दाबायचा मोजणी-काउंटर घ्या.

मग नुसतं बघा. साधारण क्रम असा असतो. आधी पक्षी रातथाऱ्याच्या भोवती उघड्या जागांवर, नांगरटीत, मिठागरासारख्या पांढऱ्या मोकळ्या जमिनीवर उतरतात. तिथे पंख साफ करणं, अंग मोडणं, एकमेकांना उठवून लावणं चालतं. हा जमाव रातथाऱ्यापासून बराच दूरही असू शकतो. सूर्य टेकला की तिथून एकेक उठतो, गवतावर खालून घिरट्या घालतो, उतरल्यासारखं करतो, पुन्हा उठतो. दोन पक्षी एकाच जागेवर आले की पाय पुढे करून हवेत झटापट होते. अंधार दाटला की मात्र घिरट्या आटोपतात आणि पक्षी एकामागोमाग गवतात नाहीसे होतात. सगळ्यात जास्त पक्षी या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत येतात. उद्यानातून ठरल्या वेळी बाहेर पडावं लागतं, त्यामुळे अगदी शेवटचा भाग तिथे पूर्ण बघायला मिळेलच असं नाही. वेळ वाढवून द्या म्हणून वाटाड्याच्या मागे लागू नका, त्याची नोकरी आहे.

वहीत तीन गोष्टी लिहा: पक्षी कुठल्या दिशेने येतात, उघड्यावरचा जमाव कुठे बसतो, आणि उतरताना तोंड कुठे असतं. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि उद्याचा फोटो तिच्यावरच ठरतो.

मोजणी करायची असेल तर ती याच संध्याकाळी. एक ठरलेली जागा, प्रत्येक दिशेला एक माणूस, दर पाच मिनिटांना आकडा. आत उतरलेल्यांतून उठून बाहेर गेलेले वजा करायचे, नाहीतर घिरट्या घालणारा एकच पक्षी चारदा मोजला जातो. त्याच जागेवर दर पंधरवड्याला अशी मोजणी झाली तर काही वर्षांनी त्या माळाचं काय होतंय ते आकड्यांत दिसेल. माझ्या मते चांगल्या फोटोपेक्षा ही वही माळाच्या जास्त कामाची.

ओळख, निदान नरांची तरी

वेळावदरला मुख्यतः तीन जाती दिसतात: मॉण्टेग्यू, पॅलिड आणि मार्श. हेन हॅरियर क्वचित. पॅलिड हॅरियर जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोडतो, म्हणून त्याची नोंद काळजीने करा.

पॅलिडचा नर लांबून जवळजवळ पांढरा दिसतो. पंखाच्या टोकाशी काळ्या रंगाची अरुंद पाचर असते, बस. मॉण्टेग्यूचा नर गडद राखाडी. त्याच्या पंखांची टोकं पूर्ण काळी, पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी पट्टी आणि पोटावर तांबूस रेघोट्या. मार्श मोठा, जड, रुंद पंखांचा. त्याची मादी गडद तपकिरी आणि डोकं सायीच्या रंगाचं.

माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं यांचं काम अवघड. तपकिरी अंग, शेपटीवर पट्टे, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. मॉण्टेग्यू आणि पॅलिड दोन्ही असेच दिसतात. पॅलिडच्या पिल्लाच्या गळ्याभोवती फिकट पट्टा असतो आणि त्यामागे गडद मान, त्यामुळे त्याने गळ्यात उपरणं घेतल्यासारखं दिसतं. मॉण्टेग्यूत तो पट्टा नसतो किंवा अगदी पुसट असतो. या दोन्ही जातींत पंखाच्या टोकाला चार बोटं (सुटी दिसणारी पिसं) मोजता येतात, हेन हॅरियरला पाच. यासाठी पंखाच्या खालच्या बाजूचा एक तरी फोटो हवा, धूसर असला तरी चालेल. तेवढंही मिळालं नाही तर वहीत ‘मॉण्टेग्यू किंवा पॅलिड’ असं सरळ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते कितीतरी बरं.

दुसरी संध्याकाळ: जागा निवडणं

आता कॅमेरा. लेन्सचं पुढे बोलू, आधी उभं कुठे राहायचं ते.

मावळतीचा प्रकाश पक्ष्याच्या अंगावर हवा असेल तर तुम्ही रातथाऱ्याच्या पश्चिमेला, पाठीवर सूर्य घेऊन असायला हवं. दुसरी गोष्ट वारा. हॅरियर वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे वारा जिथून येतो त्या बाजूला तुम्ही असलात तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून उतरेल, नाहीतर रोज शेपट्यांचेच फोटो मिळतील. हिवाळ्यात त्या भागात वारा बहुधा उत्तरेकडून नाहीतर ईशान्येकडून असतो. म्हणून मी रातथाऱ्याच्या वायव्येला थांबतो: ऊन मागून तिरपं पडतं आणि पक्षी तिरपा समोर येतो. पण दुपारनंतर समुद्राकडूनही वारा फिरतो, तेव्हा चिमूटभर माती हातातून सोडून दरवेळी तपासा. पहिल्या संध्याकाळी वहीत लिहिलेली तोंडाची दिशा इथे कामी येते.

छायाचित्रणासाठी सर्वांत उत्तम वेळ मला पक्षी उघड्यावर जमतात तोच अर्धा तास वाटतो. प्रकाश आहे, पक्षी जमिनीवर बसलेले आहेत, एकमेकांशी भांडत आहेत, आणि अजून झोपेच्या जागेवर गेलेले नाहीत. तिथे गाडी आधीच नेऊन थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि पक्ष्यांना आपल्या गतीने जवळ येऊ द्यायचं. गाडीतून उतरायचं नाही. माणसाची उभी आकृती दिसली की जमाव उठतो, गाडीला तो फार भीत नाही.

कॅमेऱ्याची तयारी

चारशे ते सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स पुरते. जिप्सीत तिपाई लावता येत नाही, लेन्स टेकवायला बीन बॅग (धान्य भरायची पिशवी) न्या. ती रिकामीच न्यावी आणि भावनगरच्या बाजारात तांदूळ नाहीतर मूग घेऊन भरावी. परतताना ते धान्य मुक्कामावर देऊन टाकता येतं.

उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१६०० ते १/२००० सेकंद. लेन्सचं छिद्र एफ ५.६ किंवा ६.३, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ६४०० किंवा तुमचा कॅमेरा सोसेल तेवढी. फोकस सतत पाठलाग करणारा हवा. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय ज्या कॅमेऱ्यांत आहे तीसुद्धा उंच गवतात अनेकदा समोरच्या कुसळावर अडकते. अशा वेळी फोकसचा छोटा चौकोन निवडा आणि पक्षी गवताच्या रेषेच्या वर असतानाच पकडा, तो खाली येईपर्यंत सोडू नका.

एक्स्पोजरमध्ये सगळे चुकतात, मीही बरीच वर्षं चुकलो. पक्षी फिकट आकाशावर असेल तर कॅमेरा त्याला काळा करतो, म्हणून एक्स्पोजर भरपाई अधिक ०.७ ते १. तोच पक्षी गडद गवतासमोर आला आणि तो पॅलिडचा पांढरा नर असेल, तर त्याची पिसं जळून जातात, म्हणून वजा ०.७. पक्षी एकाच उड्डाणात आकाशावरून गवतावर येतो, तेव्हा चाक फिरवायला वेळ मिळत नाही. मी म्हणून पूर्ण मॅन्युअलवर जातो, उन्हात पडलेल्या गवतावर एकदा प्रकाश मोजून घेतो आणि दर दहा मिनिटांनी बदलतो. आयएसओसुद्धा हातानेच.

वेळावदरच्या भाल भागातल्या सपाट जमिनीवर दुपारी तापलेली हवा थरथरते, दूरचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे येतात. यावर उपाय जवळच्या पक्ष्याची वाट पाहणं एवढाच. सकाळी उलट त्रास होतो: थंडीत लेन्सवर दव धरतं. बाहेर गार झालेला कॅमेरा उबदार खोलीत नेताना पिशवीतच बंद ठेवा, अर्ध्या तासाने काढा.

सूर्य बुडाल्यावर शटर १/२००० चा हट्ट सोडा. आकाशासाठी प्रकाश मोजून पक्षी काळा राहू द्या. दोनशे मिलिमीटरवर केशरी पट्टा, गवताची रेघ आणि पंख उचललेले तीन-चार हॅरियर हे चित्र त्या संध्याकाळशी जास्त प्रामाणिक असतं. किंवा शटर १/४० वर आणा आणि पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत राहा. पन्नासातला एखादा साधतो, पण त्यात गती दिसते.

फ्लॅश नाही, टॉर्च नाही, ड्रोन नाही. उद्यानात ते नियमानेच बंद आहे, उघड्या माळावर नियम शिकवायला कोणी नसतं म्हणून जास्त काटेकोर राहा.

सकाळ

सकाळी पक्षी उजाडताना निघतात. बरेचसे सूर्य वर येण्याआधीच जातात, त्यामुळे फाटक उघडून आत पोचेपर्यंत निम्मे गेलेले असतात. उरलेले मात्र गवतातून उठून बांधावर, ढेकळांवर ऊन खात बसतात, पिसं फुगवून. त्यांच्याजवळून घाईने गाडी नेऊ नका. या वेळी डोळ्याचा रंग टिपता येतो: मोठ्या नराचा डोळा पिवळा, पहिल्या वर्षाच्या मादीचा गडद तपकिरी. पिल्लू नर की मादी हे ठरवायला त्या रंगाचा उपयोग होतो.

एक चूक, जी मी केली

पुणे जिल्ह्यातल्या एका माळावर मला चौदा-पंधरा हॅरियरांचा रातथारा सापडला होता. तिथे कुंपण नाही, रखवाली नाही. एका संध्याकाळी पक्षी उतरल्यावर, अजून थोडा प्रकाश आहे म्हणून मी ओणवा होऊन साठ-सत्तर पावलं पुढे गेलो. एक उठला, पाठोपाठ सगळे उठले. अंधारात ते कितीतरी वेळ माझ्या डोक्यावरून फिरत राहिले, मग पांगले. त्या रात्री कुठे उतरले कोण जाणे. दोन दिवसांनी गेलो तेव्हा तीन होते, पुढच्या आठवड्यात एकही नाही. कझाकस्तानातून इथवर आलेल्या पक्ष्याला रात्रीचं एक सुरक्षित गवत लागतं, तेवढंच मी मोडलं होतं. मला मिळालेला फोटो मी कधीच कुणाला दाखवला नाही.

म्हणून छोट्या रातथाऱ्याचं ठिकाण कुठेही टाकू नका. फोटोतली स्थाननोंद मोबाइलवर आणि कॅमेऱ्यात बंद ठेवा, ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करताना नेमक्या बिंदूऐवजी तालुका किंवा जिल्हा निवडा. नेमकी जागा वनखात्याच्या वनरक्षकाला आणि मोजणी करणाऱ्या एखाद-दुसऱ्या विश्वासू माणसाला सांगा. ते गवत वणव्यातून आणि नांगरातून वाचवायचं तर कुणालातरी माहीत असायला हवं.

निघताना

पक्षी उतरायला लागल्यावर मध्येच निघू नका. एकतर ते यायला सुरुवात होण्याआधी निघा, नाहीतर सगळे स्थिर होईपर्यंत गप्प बसा. गाडी रातथाऱ्याकडे तोंड करून लावलेली असेल तर वळवताना हेडलाइट थेट गवतावर फिरतो, म्हणून संध्याकाळी पोचल्यावरच ती परतीच्या दिशेने वळवून लावा. निघताना दारं आपटू नका. बोलायचं ते डांबरी रस्त्याला लागल्यावर बोला.